उमाचा आकडा

१० ऑगस्ट १९९७, रविवार

ही डायरी निळ्या कंपनीची. त्यांच्या सेल्समन त्रिंबकने जानेवारीत दिली तेव्हापासून गल्ल्याखाली पडून होती. आज उघडली, कारण लिहून ठेवण्यासारखं काहीतरी सुरू झालंय. प्रत्येक पानाच्या तळाशी कंपनीने शेतकऱ्यांसाठी एकेक सूचना छापून दोन ओळींची जागा अडवली आहे. मी तिच्यावरूनच लिहिणार, कागद वाया घालवायची मला सवय नाही.

केजच्या पेठेत आमचं दुकान, पुढे दुकान आणि मागे घर. बियाणं, खतं आणि कपाशीवर फवारायची औषधं विकतो. यंदा निळ्या कंपनीने दुकानदारांसाठी 'राजमुक्काम' नावाची योजना काढलीय. औषधाच्या बाटलीच्या झाकणात आतल्या बाजूला एक निळी चकती बसवलेली असते. एका चकतीला दहा पॉइंट. तीस हजार पॉइंट झाले की राजस्थानातल्या एका राजवाड्यात, ज्याचं आता हॉटेल केलंय, नवरा-बायकोने दोन रात्री फुकट राहायचं.

त्रिंबकने गुळगुळीत कागदाचं पुस्तक दिलं, ते घेऊन मी आत गेलो. उमा ज्वारी निवडत होती. तिने पदराला हात पुसले, पांढऱ्याशुभ्र पलंगाचं चित्र बघितलं, पितळी नळ बघितले, शेवटपर्यंत पानं उलटली आणि पुन्हा पहिल्या पानावर आली.

"ह्याच्यात सैपाकघर कुठंय?"

नाही म्हटलं. जेवण आणून देतात, अंथरूणसुद्धा तेच घालतात.

"मंग बायका काय करतात तिथं?"

"काईच करत न्हाईत."

ती हसायला लागली आणि किती तरी वेळ हसतच राहिली. बावीस वर्षांच्या संसारात ती माहेरी धर्मापुरीला राहिली, माझ्या बहिणींकडे राहिली, यात्रेत धर्मशाळेत राहिली, आणि जिथे गेली तिथे तासाभरात तिच्या हातात पोळपाट आला. मी तिला शब्द दिला. दिवाळीनंतर दोन दिवस तू काही म्हणजे काही करायचं नाहीस.

१४ ऑगस्ट

हिरवी कंपनी मागे कशी राहील? त्यांचंही पुस्तक टपालाने आलं. 'सुखनिवास क्लब'. राजवाडा नाही, पण कुर्गला कॉफीच्या मळ्यात एक बंगला आहे. बाराच खोल्या, एकीसारखी दुसरी नाही, मालक स्वतः दारात उभा राहून पाहुण्यांना कॉफी देतो. पंचवीस हजार पॉइंटांना तीन रात्री.

दुपारी गिऱ्हाईक नव्हतं, दोन्ही पुस्तकं शेजारी ठेवून वाचली. अशा गोष्टींत मी सहसा फसत नाही. वरवर बघितलं तर हिरवी स्वस्त. पण तिच्या चकतीला आठच पॉइंट, म्हणजे चकत्या जास्तच लागतात. शिवाय हिरवे पॉइंट एकतीस डिसेंबरला मरतात, निळे मार्चअखेरपर्यंत जगतात. निळी मात्र नाताळाच्या आगेमागे सहा-सात आठवडे खोली देत नाही, आणि राजाच्या घरी जेवणाचे पैसे वेगळे मोजायचे. हिरवीत सकाळची न्याहारी, दोन वेळचं जेवण सगळं आलं. एका योजनेतले पॉइंट दुसरीत चालत नाहीत. असं सगळं असून उमाला कुठली आवडली विचारलं, तर म्हणाली, मालक कॉफी देतो ती. राजा बिचारा स्वतः काही आणून देणार नाही.

मी म्हटलं, दोन्ही करू. आधी राजा, मग कॉफी.

२ सप्टेंबर

खरी अडचण चकत्यांची आहे. बाटली शेतकरी नेतो, झाकण बांधावर टाकतो. म्हणून मी जाहीर केलं, वीस झाकणं आणा, मेथीच्या बियांची एक पुडी न्या. लिंबागणेशपासून इकडच्या फवारणीवाल्यांपर्यंत ही बातमी पोहोचली. धुळाजी, जो आमच्या भागातल्या निम्म्या कपाशीवर पंप घेऊन फिरतो, त्याने काल ऐन पोळ्याच्या दिवशी पोतंभर झाकणं आणून टाकली.

चकती झाकणात घट्ट बसलेली असते. मी चाकूने काढायला गेलो तर तीन फाडल्या, आणि फाटकी चकती कंपनी घेत नाही. उमा बघत होती. तिने अंबाड्यातला आकडा काढला, त्याचं टोक चकतीखाली सरकवलं आणि अलगद उचलली. अख्खी. मग आणखी एक. नंतर मला हातच लावू दिला नाही.

आता तिचा कारखाना दुपारी स्वयंपाकघरात चालतो. झाकण डाव्या हातात, आकडा उजव्या, चकती निघाली की परातीतल्या पाण्यात. पाण्यातली चकती दोन्ही हातांनी चोळून धुवायची असते, तेवढा वेळ आकडा दातांत धरते, केस बांधताना धरते तसाच. तिला तसं बसलेलं बघितलं की मला आमच्या लग्नानंतरचे दिवस आठवतात. आज तिला म्हटलं, माझे आकडे वहीत आणि तुझा आकडा तोंडात, दोघं मिळून राजाकडे चाललोय. ती दातांतला आकडा न काढताच हसली.

१७ सप्टेंबर

निळ्या तेराशे झाल्या. हिरव्या चारशे.

उमाच्या डोळ्यांतून पाणी येतं. चूल सुटून गॅस आला त्याला सात वर्षं झाली, त्यामुळे धुराचं निमित्त नाही. चाळिशी लागली असेल. केजला डोळ्यांचं शिबिर असलं की दाखवू.

२८ सप्टेंबर, रविवार

उमा म्हणते ज्वारी कडू निघाली. मला तर काही कडू लागली नाही. गेल्या आठवड्यात दोनदा भाकरी टाकून उठली, तोंडाला सारखं पाणी सुटतं, पोटात पिळल्यासारखं होतं. तिच्या वयात आता असलं काही संभवत नाही तरी शेजारच्या वत्सलाबाईंनी मिश्कीलपणे माझ्याकडे बघितलंच. पेठेतल्या डॉक्टरांनी पित्त सांगितलं आणि गोळ्या दिल्या. मी त्यांना म्हटलं, थकलीय हो, बावीस वर्षांत एक दिवस विश्रांती नाही. तेही म्हणाले, हवापालट करा.

हवापालटच तर करायचाय. मी धुळाजीला आणखी दोन गावांतून झाकणं आणायला सांगितलं.

१३ ऑक्टोबर

परवा दसऱ्याला निळ्या चकत्या तीन हजार पुऱ्या झाल्या. उमाने शेवटची चकती पाटीपूजनात ठेवली, मी हसलो पण काढली नाही.

आज फॉर्म भरला. मराठीत छापलेला आहे, त्यामुळे अडलं नाही. नाव, दुकानाचं नाव, पत्नीचं नाव, पत्नीचा व्यवसाय. तिथे 'काही नाही' लिहिलं. मुक्काम या रकान्यात 'मु. पो. केज, जि. बीड' असं स्वच्छ अक्षरात घातलं. तारीख चौदा नोव्हेंबरची मागितली. चकत्यांची पेटी शिवून रजिस्टरने पाठवली. पोस्टमास्तर म्हणाले, जड आहे, काय आहे यात? उमाबाईंची मेहनत, असं मी म्हणालो.

२ नोव्हेंबर

दिवाळी झाली. आमची शिवांजली लातूरच्या कॉलेजातून आली होती, आज गेली. जाताना मला बाजूला घेऊन म्हणाली, आईचा हात कापतो, रांगोळीची रेघ सरळ येत नाही, तिला मोठ्या डॉक्टरांना दाखवा. मुलगी घरात नसली की आईबाप म्हातारे दिसायला लागतात, एवढंच असतं ते. तरी बघू म्हटलं.

गंमत अशी की दिवाळीचे सहा-सात दिवस चकत्या बंद होत्या आणि फराळाच्या त्या सगळ्या रगाड्यात उमा छान होती. भाकरी कडू लागली नाही, डोळे कोरडे. म्हणजे मी म्हणतो तेच खरं, तिचा जीव कामात रमतो. रिकामी बसली की दुखणं आठवतं.

हिरव्या कंपनीचं पत्रक आलंय, नोव्हेंबरात जमा होणाऱ्या चकत्यांना दुप्पट पॉइंट. आधीच्या बाराशे पाठवून झाल्या, त्यांना काही मिळणार नाही. पण महिनाभर नेट लावला तर कॉफीचा बंगलाही हाती येतो. उमा स्वतःच परात घेऊन बसली.

९ नोव्हेंबर, रविवार

माझ्यासारखा गाढव बीड जिल्ह्यात दुसरा नसेल.

निळ्या कंपनीचं पत्र काल आलं. "आपण निवडलेला 'केज' हा मुक्काम आमच्या यादीत नाही." चारदा वाचलं तेव्हा कळलं. त्या रकान्यात आपण कुठे राहायला जाणार त्या राजवाड्याचं नाव लिहायचं होतं. आम्हाला जन्मभर मुक्काम म्हटलं की पोस्ट आठवतं. मी आपल्याच घरी दोन रात्री राहायची परवानगी मागितली होती. त्यांनी नवा फॉर्म पाठवलाय, पण नोव्हेंबर आता भरला, डिसेंबरात देत नाहीत. पंधरा जानेवारीनंतर बघू म्हणतात.

उमाला सांगितलं तेव्हा ती ओट्याला टेकून उभी होती. पेटी उतरवून ठेवली होती माळ्यावरून, दोन लुगड्यांना इस्त्री करून ठेवली होती. म्हणाली, "असू द्या. तवर कॉफीचं उरकून घिऊ." आणि परातीशी जाऊन बसली. मला स्वतःची फार लाज वाटली. आठवडाभरात ती इथे नसती, राजाच्या पलंगावर पाय पसरून पडली असती.

२० नोव्हेंबर

एवढ्या दिवसांत डायरीला हात लागला नाही. तेरा तारखेला दुपारी उमा परातीशेजारीच आडवी झाली. तोंडातून फेस, अंग घामाने चिंब, पापण्या फडफडताहेत, श्वास घरघरतोय. जीपमध्ये घालून अंबाजोगाईला मोठ्या दवाखान्यात नेलं. सगळ्या वाटेत मी तिचं डोकं मांडीवर धरून बसलो होतो आणि काय काय बोलत होतो ते मला आठवत नाही.

तरुण डॉक्टर होत्या. त्यांनी उमाचे डोळे उघडून बॅटरी मारली, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्यात म्हणाल्या, आणि मला वळून विचारलं, यांनी औषध घेतलं का? मी म्हटलं, हो, पेठेतल्या डॉक्टरांचं, पित्ताचं. त्यांनी मान हलवली. ते औषध नव्हे. कपाशीवरचं.

माझं डोकं फिरलं. लोक काय करतात ते मला ठाऊक नाही का, मीच तर विकतो. पण माझ्या घरात? आमच्या घरात भांडण नाही, तंटा नाही. मी म्हटलं, डॉक्टरीणबाई, तोंड सांभाळून बोला, तिने औषध घ्यावं असं काय केलंय मी? आजूबाजूचे लोक बघायला लागले. पोलिसांची नोंद, पेठेत चर्चा, धर्मापुरीहून मेहुणे विचारायला येणार, पोरीचं लग्न. सगळं एका क्षणात डोळ्यांपुढे आलं. त्या शांतपणे म्हणाल्या, मी आरोप करत नाही, उपचारासाठी विचारते. घरी काय काम करतात? औषधाला हात लागतो का?

"औषधाला हातबी लावत न्हाई ती," मी म्हणालो. "दुकानातसुदा येत न्हाई. घरीच आसती. काईच करत न्हाई." गळ्यातल्या लिंगावर हात ठेवून सांगितलं, आणि ते खरंच होतं. भरलेली बाटली तिने कधी उघडली नाही.

त्यांनी कागदावर तसंच लिहिलं, पण इंजेक्शनं त्यांच्याच मनाने दिली. दोन दिवसांत उमा उठून बसली. काल घरी आणलं. निघताना त्यांनी पुन्हा बजावलं, औषधापासून लांब ठेवा. मी हो म्हटलं. दुकान आणि घर यांमधलं दार मी आता लावूनच घेतो, वासही आत जायला नको.

दवाखान्याच्या खाटेवर उमा एकदा म्हणाली होती, "आंतरून बदलून जात्यात की हो इथं. जेवन आनून देत्यात." तिला वाटलं मी हसेन.

५ डिसेंबर

पंधरा दिवस तिला काही करू दिलं नाही. वत्सलाबाईंनी भाकऱ्या दिल्या. तब्येत सुधारली, गालावर तेज आलं. पण दुप्पट पॉइंटांचा महिना गेला. पहिल्या दहा-बारा दिवसांत काढलेल्या चारशे तेवढ्या मी दवाखान्यातून आल्यावर पाठवल्या होत्या. आता पुन्हा आठाचा भाव. अकराशे पंचवीस चकत्या हव्यात, आणि महिनाअखेरीला सगळे पॉइंट मरणार.

मी सोडून द्यायला निघालो होतो. खरंच. धुळाजीला सांगितलंही की झाकणं आणू नको. पण उमा ऐकेना. एका जागी बसून करायचं काम, ह्याला काय कष्ट पडतात, म्हणाली. आणि ते कॉफीचं चित्र तिने मिसळणाच्या डब्यामागे भिंतीला लावलंय, ते मला दाखवलं. तिला मी आतापर्यंत काय दिलं याचा विचार केला तर बोटं मोजायचीही गरज पडत नाही. थंडी पडलीय म्हणून स्वयंपाकघराची खिडकी लावून घेतो आणि तिला बसू देतो.

९ डिसेंबर

सातशे झाल्या. पुन्हा भाकरी कडू.

११ डिसेंबर, गुरुवार

उमा गेली.

१४ डिसेंबर

लिहिल्याशिवाय राहवत नाही आणि लिहायला काही नाही. बुधवारी दुपारी परात उपडी झाल्याचा आवाज आला. जीप मिळाली, पण युसुफवडगावच्या पुढे तिचा श्वास थांबला. ड्रायव्हर म्हणाला, पुढं नेऊन काय करता मालक. तिथून परत फिरलो. आज लिहिताना बुधवार आणि गुरुवार माझ्या डोक्यात एक झालेत.

आमच्या लिंगायत रीतीने तिला बसवून समाधी दिली. जंगमस्वामींनी डाव्या तळहातावर लिंग ठेवलं. बोटांच्या टोकांना चकत्यांचा हिरवा रंग होता, बायकांनी अंघोळ घालताना चोळला तरी गेला नाही. अंबाड्यातला आकडा त्यांनी काढून शिवांजलीच्या हातात दिला. मेहुण्यांनी काही विचारलं नाही. मीच सारखं सांगत होतो, हृदयाचं होतं, हृदयाचं होतं.

२० डिसेंबर

दुकान उघडलं. धुळाजी येऊन पायरीवर बसला. मग म्हणाला, वहिनीसाहेबांच्या तोंडाला पाणी सुटायचं का? डोळ्यांपुढे धूसर व्हायचं का? वाऱ्याच्या तोंडाला फवारलं की आम्हाला तसं होतं.

मी त्याला हाकलून दिलं. आयुष्यात पंप हातात धरला नाही अशा बाईबद्दल बोलतोय, आणि तेही तिच्या घराच्या पायरीवर बसून.

२७ डिसेंबर, शनिवार

शिवांजली कॉलेजला परत गेली नाही. चार दिवसांपूर्वी तिने परात घासून काढली आणि आईचं राहिलेलं काम मी पुरं करते म्हणाली. चारशे-सव्वाचारशे राहिल्या होत्या. ती म्हणाली, पॉइंट पुरे झाले की अप्पा, तुम्ही आणि मी जाऊन येऊ, आईचं नाव घेऊन ती कॉफी पिऊ. मी नाही म्हणू शकलो नाही. पोतं मीच उचलून आत नेऊन दिलं.

आज दुपारी दोनदा तिच्यासमोरून गेलो. खिडकी बंद, परात पुढ्यात, आईसारखीच मान वाकडी करून बसलेली, आकडा दातांत, आणि गालांवरून पाणी वाहतंय. रडू दे म्हटलं. आईसाठी रडते, मोकळी होईल. मी दुकानात आलो.

तेवढ्यात धुळाजी हाकलल्याचा राग न धरता आला, तिच्या आईच्या कार्याला येता आलं नाही म्हणून पोरीला भेटायचं म्हणाला. मी आतलं दार उघडलं. तो उंबऱ्यातच थांबला. मग मला बाजूला सारून आत गेला आणि त्याने तिच्या दातांतला आकडा हिसकून काढला.

"थुक, पोरी. आदी थुक. चूळ भर."

ती घाबरून माझ्याकडे बघायला लागली. मी म्हटलं, अरे, आईसाठी रडतीय ती.

"मी रडत न्हाई, अप्पा," शिवांजली म्हणाली. "आपोआप येतंय पानी. परवापासून."

धुळाजीने खिडकी उघडली. तिचे हात साबणाने दोनदा धुवायला लावले, साडीला लागलंय म्हणून साडीही बदलायला लावली. माझ्याकडे न बघता तो म्हणाला, "मालक, आमी फवारताना इडीसुदा वढत न्हाई. झाकनाला औषदच लागल्यालं आसतंय की."

झाकणाला औषधच लागलेलं असतं. वीस वर्षं मी औषधं विकतोय.

तो गेल्यावर डायरी उघडली. या पानाच्या तळाशी छापलंय, "रिकाम्या बाटल्या व झाकणे घरात आणू नयेत, उघड्या हातांनी हाताळू नयेत." मागे उलटून बघितलं. दोन सप्टेंबरच्या पानावर, तिच्या दातांतल्या आकड्याबद्दल मी लिहिलं, त्या अक्षरांच्या खाली काहीतरी छापलेलं आहे. माझ्या शाईमुळे ते आता वाचता येत नाही.

दवाखान्याचा कागद कपाटातून काढला. नाव, वय बेचाळीस, गाव केज. व्यवसाय, काही नाही. डॉक्टरीणबाईंनी मी सांगितलं तेच लिहिलं होतं. त्यांनी मला दोनदा विचारलं होतं. मी ती ओळ खोडली आणि वर लिहिलं, झाकणातून चकत्या काढणे, सप्टेंबरपासून, पाच हजार तीनशे. मग तसाच पाटावर बसून राहिलो. मीच सांगितलं होतं, काहीच करत नाही.

शिवांजली आत पडलीय. डोकं दुखतं म्हणते, मळमळतं म्हणते. जीपवाल्याला निरोप धाडलाय, तो येतोच आहे. आकडा कागदात बांधून घेतलाय, चार झाकणं पिशवीत घेतलीत. अंबाजोगाईला पोहोचलो की डॉक्टरीणबाईंनी विचारायच्या आधी सांगायचं.